अर्थिंग पक्कं असूनही हायड्रॉलिक रिटर्न फिल्टरमधून टिकटिक का येते?

टाकीत परतणारं तेल गाळणाऱ्या फिल्टरमधून टिकटिक येते, तुमची कंटिन्युइटी (फिल्टर ते जमीन विजेची अखंड जोडणी) चोख आहे, एलिमेंटवर (आतल्या गाळणीवर) काळे ठिपके सापडलेत आणि सर्व्हिसवाला म्हणतोय, अजून एक अर्थिंग पट्टी मारा. मारून काही होणार नाही. चार्ज हाऊसिंगवर (फिल्टरच्या बाहेरच्या कवचावर) नाहीच, तो तेलात आहे.

ग्लास फायबरच्या बारीक मीडियातून (गाळणाऱ्या थरातून) तेल जोरात गेलं की चार्ज वेगळा होतो. एका जातीचा मीडियावर राहतो, दुसरा तेलाबरोबर पुढे वाहतो. साठला की ठिणगी उडते, तीच तुमची टिकटिक. चार्ज तेलातून बाहेर पडायला लागणारा वेळ तेलाच्या कंडक्टिव्हिटीवर (वीज वाहू देण्याच्या क्षमतेवर) ठरतो. 100 पिकोसीमेन्स प्रति मीटर असेल तर साधारण 0.2 सेकंद, 10 असेल तर 2 सेकंद, 1 असेल तर 20 सेकंदांच्या आसपास. तेवढ्या वेळात तेल कधीच टाकीत पोचलेलं असतं. बाहेरून तांब्याची कितीही जाड पट्टी लावा, आतलं तेल इन्सुलेटरच राहतं.

हे मी एका प्रेसच्या पॉवर पॅकवर (पंप आणि टाकीच्या संचावर) भांडून सांगितलं होतं. जुनं झिंकवालं (झिंकचं ॲडिटिव्ह असलेलं) तेल काढून झिंक-फ्री तेल भरलं आणि टिकटिक सुरू झाली. बाहेरून आलेले इंजिनिअर साहेब अर्थिंगवरच अडून बसले. नवा अर्थ पिट झाला, पट्ट्या झाल्या, आवाज तसाच. 'तेल म्हणजे काय वायर आहे, करंट वाहायला?' असं ते सगळ्यांसमोर म्हणाले. अहो, वायर नाही म्हणूनच तर अडचण आहे!

मी एलिमेंट कापून प्लीट्स (मीडियाच्या घड्या) उलगडल्या. मीडियात सुईच्या टोकाएवढी भोकं, प्रत्येकाची कड काळी, जळलेली. घाणीने तुंबलेला किंवा दाबाने फाटलेला मीडिया असा दिसत नाही. शिवाय थंडीत सकाळी मशीन चालू केलं की आवाज सर्वांत जास्त, तेल तापलं की कमी व्हायचा, कारण तापलेल्या तेलाची कंडक्टिव्हिटी वाढते. दोष अर्थिंगचा असता तर तेल तापल्याने त्याला काय फरक पडणार होता? याचं उत्तर मला आजपर्यंत मिळालेलं नाही. शेवटी मोठं हाऊसिंग आणि जास्त क्षेत्रफळाचं एलिमेंट बसवलं आणि टिकटिक थांबली. रिपोर्टमध्ये मात्र लिहिलं गेलं, 'अर्थिंग सुधारल्यामुळे दोष दूर.'

म्हणून सांगतो, तेलाचा ग्रेड आणि तापमान, आवाज कधी येतो, कधी थांबतो, हे सगळं तुमच्या रजिस्टरमध्ये स्वतः लिहा, कापलेल्या एलिमेंटचे फोटो लावा आणि सही घ्या. नाहीतर तुमच्याकडेही पट्टीलाच श्रेय जाईल आणि पुढच्या वेळी परत पट्टीच मारतील.

फिल्टर कोणता घ्यायचा, तर मायक्रॉन (गाळणीच्या छिद्रांचं माप) वाढवून सुटका शोधू नका, चार्ज कमी होईल पण घाण न सोसणारे सर्वो व्हॉल्व्ह मरतील. तेवढ्याच फ्लोला मोठं एलिमेंट घ्या म्हणजे मीडियातून जाणाऱ्या तेलाचा वेग उतरेल. किंवा अँटिस्टॅटिक मीडियाचं एलिमेंट मागा, ते मिळतं. तेल पुरवणाऱ्याकडून कंडक्टिव्हिटीचा आकडा लेखी घ्या. ग्रुप 2 आणि ग्रुप 3 बेसची (जास्त शुद्ध केलेल्या मूळ तेलाची), झिंक नसलेली तेलं बहुधा कंडक्टिव्हिटीत कमी भरतात. या ठिणग्यांनी तेलही जळतं, त्याचं वार्निश (चिकट थर) होतं आणि ते व्हॉल्व्हच्या स्पूलवर (आत सरकणाऱ्या दांड्यावर) बसतं. तेव्हा 'नुसता आवाजच आहे' म्हणून सोडून देऊ नका.

आणि हो, मी अर्थिंगच्या विरोधात आहे असं समजून आहे ते काढू नका. हाऊसिंग, पाईप, टाकी सगळं बाँड केलेलंच (विजेच्या दृष्टीने एकमेकांना जोडलेलंच) हवं, नाहीतर सुटा राहिलेला धातूचा भाग चार्ज होऊन वेगळाच धोका होतो. अँटिस्टॅटिक ॲडिटिव्ह स्वतःच्या मनाने टाकीत ओतू नका, आधी तेलवाल्याला विचारा, फेस आणि पाणी वेगळं होण्याच्या तक्रारी येऊ शकतात. टिकटिक चालू असताना टाकीच्या झाकणाजवळ सॉल्व्हेंटने पुसापुशी तर अजिबात नको. आणि आवाज तेल तापल्यावरही तसाच राहत असेल, कापलेल्या एलिमेंटवर जळकी भोकंही नसतील, तर आधी बायपास व्हॉल्व्ह (फिल्टर तुंबला की तेलाला बाजूने वाट देणारा) बघा, तो फडफडला तरी असाच आवाज येतो.