माइल्सची तिकिटं, सासूबाईंचे गुडघे आणि २० जून

नाशिकच्या एका ताईंचं पत्र आहे. डिसेंबरात त्यांनी १,५०,००० माइल्स (विमान कंपनीच्या योजनेत जमणारे पॉइंट) मोडून मुंबई–लंडनची तीन परतीची तिकिटं काढली: स्वतःचं, मिस्टरांचं आणि अकरा वर्षांच्या लेकीचं. इकॉनॉमी क्लास, ६ मेला जाणं, २४ मेला परत. ताईंची बहीण तिकडे असते. कर आणि सरचार्जचे ६८,००० रुपये कार्डावरून गेले. आता ७१ वर्षांच्या सासूबाईंचे दोन्ही गुडघे बदलायचं चाललंय आणि डॉक्टर म्हणतात, मे महिन्यात करून टाकू. तिकिटं रद्द केली तर माणशी ६,००० रुपये कापून माइल्स आणि कर परत मिळतील. तारीख बदलली तर माणशी २,५००, मात्र प्रवास डिसेंबरच्या आत पुरा व्हायला हवा. परत येणाऱ्या माइल्सपैकी ९०,००० माइल्सची मुदत ३० जूनला संपते. मिस्टर म्हणतात, "तिकिटं वाया घालवण्यापेक्षा ऑपरेशन जूनमध्ये करू." ताई म्हणतात, "मी थांबते, ते दोघं जाऊ देत." काय करावं, असा प्रश्न आहे.

ताई, आधी एक सांगते. तुमच्या घरात वाद चाललाय तो जणू दोन लाखांची तिकिटं बुडणार आहेत असा. तसं काही नाही. याच तारखांचं रोख तिकीट माणशी ७२,००० ला मिळतंय असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे तिघांचे २,१६,०००. त्यातून भरलेले ६८,००० वजा करा, उरले १,४८,०००. त्याला दीड लाख माइल्सने भागलं की एका माइलची किंमत जवळपास ९९ पैसे निघते. हा आकडा कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

आता रद्द केलं तर नक्की जातात किती? १८,००० रुपये. तारीख बदलली तर ७,५००. फक्त एवढ्या रकमेसाठी ७१ वर्षांच्या बाईच्या ऑपरेशनची तारीख हलवायची का, असा प्रश्न मिस्टरांना विचारला तर ते काय उत्तर देतील ते तुम्हाला माहीत आहे. ऑपरेशन कधी करायचं हे तिकिटं काढलेलीच नाहीत असं समजून ठरवा. तिकिटांचं त्यानंतर बघू.

खरा धोका त्या ९०,००० माइल्सचा आहे. माइल्स तिकिटात गुंतलेले असतात तोवर त्यांना मुदत लागत नाही, कारण हिशेबात ते खर्च झालेले असतात. तिकीट मोडलं की ते आपल्या जुन्याच तारखेसह खात्यात परत येतात. तुमच्या योजनेच्या अटी तुम्ही जोडल्या आहेत, त्यात हे स्पष्ट आहे. म्हणजे एप्रिलमध्ये रद्द केलं आणि ऑपरेशनच्या गडबडीत ३० जून निघून गेला, तर ९९ पैशांच्या हिशेबाने साधारण ८९,००० गेले. वर फीचे १८,०००. एक लाख सात हजारांच्या आसपास. तुमच्या बाबतीत वाईटात वाईट होईल ते हे, आणि ते रद्द केल्यामुळे होणार नाही, रद्द करून विसरल्यामुळे होईल.

याच अटींमध्ये दुसरी एक ओळ आहे, तिच्याकडे तुमचं लक्ष गेलेलं दिसत नाही. मुदतीच्या आत बुकिंग झालं की पुरे. प्रवास नंतरचा चालतो. विमान कंपन्या साधारण ३३० ते ३६० दिवस आधी सीट उघडतात. म्हणजे जूनच्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही पुढच्या मे महिन्याची तिकिटं काढू शकता. पुढची उन्हाळी सुट्टी तेव्हा नुकतीच उघडलेली असेल, आणि माइल्सवर मिळणाऱ्या सीट सुरुवातीला हाती लागण्याची शक्यता बरी असते.

मग तारीख बदलणं बरं की रद्द करून पुन्हा काढणं? तारीख बदलण्यात ३० जूनची टांगती तलवार राहत नाही आणि साडेदहा हजार वाचतात. पण दिवाळीच्या सुट्टीत जाताना दोनच सीट दिसतात आणि येताना एकही नाही, असं तुम्ही लिहिलंय. विमानात रिकामी सीट असणं आणि माइल्सवर मिळणारी सीट असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंपनी प्रत्येक विमानात थोड्याच सीट माइल्ससाठी सोडते आणि तो आकडा हलत राहतो. म्हणून रोज सकाळी पाच मिनिटं बघा, पुढच्या-मागच्या तारखाही बघा. तिघांच्या जाण्या-येण्याच्या सीट समोर दिसल्या की त्याच वेळी फोन लावा. हातातलं तिकीट तोपर्यंत मोडू नका.

हे मी पोळल्यानंतर सांगतेय. काही वर्षांपूर्वी आईला माझ्याबरोबर न्यायचं होतं म्हणून मी माझं माइल्सवरचं तिकीट आधी रद्द केलं. म्हटलं, माइल्स आले की दोघींचं एकत्र काढू. माइल्स खात्यात यायला पाच दिवस लागले. मी सोडलेली सीटही माइल्सच्या यादीत परत आली नाही, ती रोखीच्या भावात विकायला गेली. रात्री साडेअकराला कॉल सेंटरचं तेच तेच संगीत ऐकत स्वयंपाकघरात उभी होते आणि आई समोर बसून विचारत होती, "मिळालं का गं?" शेवटी माझं तिकीट रोखीने काढलं. त्या दिवसापासून नवीन सीट पक्की झाल्याशिवाय जुनं तिकीट मोडायचं नाही, असा मी नेम केलाय. तुमच्याकडे माइल्स शिल्लक नसल्याने दुसरं बुकिंग आधी करता येणार नाही. पण फोनवर असतानाच तारीख बदल करून घेतलात तर मधली फट राहत नाही.

तुमच्या जाऊबाई अमेरिकेत आहेत आणि "आमच्याकडे माइल्स परत घ्यायला एक पैसा लागत नाही" म्हणतात. त्यांचंही खरं आहे. युनायटेड आणि अमेरिकन या विमान कंपन्यांनी २०२० च्या सुमारास ही फी काढून टाकली. पण नियम चालतो तो माइल्स ज्या योजनेचे आहेत तिचा. विमान कुठल्या कंपनीचं आणि प्रवासी कुठे राहतो याने फरक पडत नाही. त्यांचा अनुभव तुमच्या तिकिटांना लावू नका. तसंच, हे माइल्स मुळात क्रेडिट कार्डाच्या पॉइंटमधून आले असले तरी परत येतील ते एअरलाइनच्या खात्यात. कार्डाकडे ते पुन्हा जात नाहीत.

माइल्स साठवून ठेवण्याच्या मी विरोधात आहे, तेही इथे सांगून टाकते. त्यांच्यावर व्याज नाही, आणि त्यांचा भाव कंपनी एका ईमेलने बदलू शकते. १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेजचं शेवटचं विमान उडालं. तिची माइल्सची योजना इंटरमाइल्स या नावाने चालू राहिली, पण लोकांनी ज्या विमानांसाठी माइल्स जमवले होते ती जमिनीवर उभी होती. म्हणून रद्द करायची वेळ आलीच तर "बघू पुढेमागे" असं म्हणून ठेवू नका.

आता तुमच्या पत्रातल्या शेवटून दुसऱ्या ओळीकडे येते. तिकिटांवर तुम्ही दोन पानं लिहिलीत आणि तिथे सहज म्हटलंय, "सासूबाईंची मेडिक्लेम आहे, २० जूनला दोन वर्षं होतील." ताई, सगळ्या पत्रात सर्वांत मोठी रक्कम या ओळीत आहे.

बहुतेक आरोग्य पॉलिसींमध्ये झिजेमुळे कराव्या लागणाऱ्या सांधेबदलाला वेटिंग पिरियड असतो, म्हणजे पॉलिसी घेतल्यापासून ठरावीक काळ त्याचा खर्च मिळत नाही. बऱ्याच ठिकाणी तो दोन वर्षांचा, काही ठिकाणी तीन वर्षांचा असतो. २०२४ पासून विमा नियामकाने अशा ठरावीक आजारांसाठी तीन वर्षांची कमाल मर्यादा घातली आहे. तुमच्या पॉलिसीत दोन वर्षं असतील तर मे महिन्यातल्या ऑपरेशनचा एक रुपयाही मिळणार नाही आणि २१ जूननंतरच्या ऑपरेशनला मिळू शकेल. २०१७ मध्ये सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली हे खरं, पण खोली, सर्जन, भूल, फिजिओथेरपी धरून खासगी रुग्णालयात दोन्ही गुडघ्यांचा खर्च काही लाखांत जातो. त्यापुढे १८,००० कुठे आणि ७,५०० कुठे!

तेव्हा पॉलिसीचा कागद काढा, वेटिंग पिरियडचं पान शोधा, आणि कंपनीकडून उत्तर ईमेलवर घ्या. फोनवरच्या "हो मॅडम, मिळेल" वर विसंबू नका. २० जूनचं नूतनीकरण आधीच करून ठेवा, त्यात खंड पडू देऊ नका. मग डॉक्टरांना सरळ विचारा: सहा-सात आठवडे थांबलं तर काही बिघडेल का? बिघडेल म्हणाले, किंवा सासूबाईंना रात्र-रात्र झोप लागत नसेल, तर पैसे खर्च होऊ देत, ऑपरेशन मेमध्येच करा. पॉलिसीत तीन वर्षं लिहिलेली निघाली तरी तेच. आणखी वर्षभर त्यांना दुखणं काढायला लावू नका.

थांबणं चालत असेल तर मिस्टरांचा जून बरोबर ठरतो, फक्त कारण विम्याचं, तिकिटांचं नव्हे. तसं झालं तर ६ मेचा प्रवास तिघांनी करायला हरकत नाही. अठरा दिवस सासूबाईंजवळ कोण राहील एवढं पक्कं करा. पुण्याच्या दिरांचा उल्लेख पत्रात आहे. त्यांना आत्ताच विचारा.

"ते दोघं जाऊ देत, मी थांबते" हा पर्याय मला पटत नाही. पैशाने तो स्वस्त आहे, तिघांचं बुकिंग फोडून एकाचीच फी लागेल. पण बहीण तुमची आहे आणि ऑपरेशन त्यांच्या आईचं आहे. एकाने मागे राहायचंच असेल तर ते तुम्हीच का, हे दोघांनी बसून बोलायला हवं.

व्हिसाचा अर्ज अजून केला नाही, हे उत्तम झालं. ऑपरेशनची तारीख ठरेपर्यंत करू नका, पण त्यासाठी आठवड्याभरापेक्षा जास्त वेळ घेऊ नका, नाहीतर मेचा प्रवास तिथेच अडेल. ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसाची फी माणशी शंभर पौंडांच्या वर आहे आणि बायोमेट्रिक (बोटांचे ठसे आणि फोटो) दिल्यावर ती परत मिळत नाही. नेहमीचा व्हिसा सहा महिन्यांचा असतो. मेसाठी काढलेला दिवाळीला उपयोगी पडेलच असं नाही.

तिकिटं आज रद्द करू नका. फी आजही ६,००० आणि प्रवासाच्या चोवीस तास आधीपर्यंतही ६,०००, असं अटींत आहे. मात्र नुसतं न जाणं सगळ्यांत महाग पडेल. जातानाच्या विमानात बसला नाहीत की परतीचं तिकीटही आपोआप रद्द होतं आणि नो-शोची कपात वेगळी. म्हणून ४ मेला दुपारी मोबाइलमध्ये गजर लावून ठेवा. रद्द करायची वेळ आली तर ६८,००० पैकी सरकारी कर किती, कंपनीचा सरचार्ज किती आणि दोन्ही परत येणार का, हे लेखी घ्या. लेकीचा आकडा तुमच्यापेक्षा कमी असेल, त्याने गोंधळू नका. सोळा वर्षांखालच्या मुलांना इकॉनॉमीत ब्रिटनचा एअर पॅसेंजर ड्युटी हा कर लागत नाही.

पॉलिसीच्या त्या पानाचा फोटो मला पाठवा. वेटिंग पिरियडच्या यादीत सांधेबदल कुठल्या शब्दांत लिहिलाय ते बघून पुढचं सांगते.