आंतरराष्ट्रीय कायदा आणि टेक्नॉलॉजी यात प्राध्यापक व्हायचं तर कोडिंग यायलाच हवं का?

नाही हो, कोडिंगसाठी अडून बसू नका. नेटवर्क कसं चालतं, डेटा कुठल्या देशातल्या सर्व्हरवर पडून असतो, एन्क्रिप्शन म्हणजे काय एवढं नीट कळलं की भागतं, कारण भांडण शेवटी कायद्याचंच असतं. आता हेच बघा, एका देशाच्या हॅकर्सनी दुसऱ्या देशाच्या सरकारी सर्व्हरमध्ये घुसून नुसत्या फाइल्स कॉपी केल्या, मोडलं काहीच नाही, मग सार्वभौमत्वाचा भंग झाला की नाही? ब्रिटनने २०१८ मध्ये सांगितलं की सायबरसाठी सार्वभौमत्वाचा असा वेगळा नियमच नाहीये, २०१९ मध्ये फ्रान्सने बरोबर उलटी भूमिका घेतली, आणि टॅलिन मॅन्युअल २.० (सायबर कारवायांना आंतरराष्ट्रीय कायदा कसा लागू होतो यावरचं पुस्तक, २०१७) लिहिणारे तज्ज्ञ हा नियम मानतात पण तो नेमका मोडतो कधी यावर त्यांचंही एकमत नाही. पीएचडी अशाच फटीत सापडते.

रस्ता नेहमीचाच, एलएलएम (कायद्यातली मास्टर्स), पीएचडी, मग पोस्टडॉक (पीएचडीनंतरची संशोधनाची तात्पुरती नोकरी), आणि पोस्टडॉकची काँट्रॅक्टं बहुतेक एकदोन वर्षांचीच, तेवढी मनाची तयारी ठेवा. फक्त ‘एआय आणि कायदा’ असला ढगळ विषय घेऊ नका प्लीज, गाइडसुद्धा वैतागतो.