प्रसिद्ध रॉक संगीतकाराचा फारसा कुणाला माहीत नसलेला दुसरा बँड कोणता? तो ऐकण्यासारखा आहे का?

माझं उत्तर : 'द क्रॉस'. क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा ड्रमर रॉजर टेलर याने 1987मध्ये काढलेला बँड. ऐकण्यासारखा आहे का, याचं उत्तर मात्र जरा लांबेल, कारण मी त्याच्यापर्यंत उलट्या बाजूने पोचलो.

कॉलेजात असताना माझ्याकडे क्वीनच्या 'मेड इन हेवन'ची कॅसेट होती. अल्बम 1995चा, म्हणजे क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी याला जाऊन चार वर्षं झालेली. त्यातलं 'हेवन फॉर एव्हरीवन' मी रात्री दिवा मालवून ऐकायचो. मरणाच्या दारात उभा राहून माणूस हे गातोय, अशी माझी पक्की समजूत. मित्रांनाही भाव खाऊन तसंच सांगायचो. बऱ्याच वर्षांनी कळलं की फ्रेडीने ते गाणं 1987मध्येच गायलं होतं, आणि तेही टेलरच्या या नव्या बँडच्या पहिल्या अल्बमसाठी. क्वीनने पुढे तोच आवाज घेऊन त्याला नवी साथ दिली. सुटी रेकॉर्ड (सिंगल) म्हणून ते ब्रिटनच्या खपाच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. माझी निरोपाची कहाणी तिथेच ढासळली.

आता हा बँड निघाला कसा? ऑगस्ट 1986मध्ये नेबवर्थला क्वीनचा लाखाहून जास्त लोकांसमोर कार्यक्रम झाला. फ्रेडीबरोबरचा तो शेवटचा ठरला, पण तेव्हा ते कुणाला ठाऊक नव्हतं. दौरा संपला आणि जो तो आपापल्या कामाला लागला. फ्रेडी मोन्सेरात काबाये या ऑपेरागायिकेबरोबर 'बार्सेलोना'त गुंतला. (आपल्याकडे फ्रेडीचा विषय निघाला की पाचगणी आलीच पाहिजे : त्याचा पहिला बँड 'द हेक्टिक्स' तिथल्या शाळेतला, आणि त्यात तो पियानोवर होता.) टेलरचे दोन एकल अल्बम आधीच आले होते, 1981 आणि 1984मध्ये. पण त्याला हवा होता दौरा, गाडीत सामान कोंबून गावोगाव जाणारी टोळी. त्याने सरळ जाहिरात देऊन वादक शोधले. गिटारला क्लेटन मॉस, बासला पीटर नून (हर्मन्स हर्मिट्स या बँडचा गायक नव्हे, नुसतं नाव तेच), ड्रमवर जॉश मॅक्रे. कीबोर्डला स्पाइक एडनी होता, पण तो 1984पासून क्वीनच्या दौऱ्यांत वाजवत असल्यामुळे घरचाच.

आणि टेलर? तो ड्रम सोडून गिटार गळ्यात अडकवून पुढे माइकसमोर उभा राहिला. फडातल्या ढोलकीवाल्याने ढोलकी दुसऱ्याच्या हाती देऊन स्वतः पुढे यावं, तसं. आवाज त्याचा मुळात दमदार आहे, घोगरा आणि उंच. क्वीनमध्ये त्याने गायलेलं 'आय एम इन लव्ह विथ माय कार' ऐकलं असेल तर वेगळं सांगायला नको.

पहिला अल्बम 'शव्ह इट' 1988च्या सुरुवातीला आला. खरं सांगायचं तर तो बँडचा नाहीच. टोळी नीट जमायच्या आधीच टेलरने बराचसा स्वतः वाजवून ठेवला होता. त्या काळच्या नाचाच्या संगीताचा मारा त्यात इतका आहे की आज ऐकताना कान अवघडतात. ब्रिटनमध्ये तो 58व्या क्रमांकावर थांबला. त्यातली पहिली सुटी रेकॉर्ड 'काउबॉइज अँड इंडियन्स' 74वर. एका गाण्यात क्वीनचा गिटारवादक ब्रायन मे याची गिटार आहे, तरीही हे आकडे. क्वीनचे चाहते क्वीन शोधायला आले आणि हिरमुसून गेले. ज्यांना क्वीन आवडत नव्हती ते फिरकलेच नाहीत. मोठ्या नावाने या बँडचं भलं कमी आणि नुकसान जास्त केलं, असं माझं मत आहे.

दुसरा अल्बम 1990चा, 'मॅड, बॅड अँड डेंजरस टु नो'. इथून हा बँड वाटतो. गाणी एकट्या टेलरची नव्हे, बँडमधल्या इतरांनीही लिहिलेली, यंत्रांची खडखड गेलेली, गिटार पुढे आलेली. थोर नाही, पण एकमेकांचं वाजवणं ऐकत वाजवणारी माणसं त्यात कळतात. तिसरा 'ब्लू रॉक' 1991चा. माझ्या मते तिघांत तोच सरस, आणि ब्रिटनमध्ये तो प्रसिद्धच झाला नाही! जर्मनीत निघाला, तिथेच 'मॅग्नम' या बँडच्या आधी वाजवत यांनी दौरा केला. स्टेडियमं भरवणारा माणूस दुसऱ्याच्या कार्यक्रमाआधीचा अर्धा-पाऊण तास वाजवतोय, हे चित्र मला फार आवडतं. त्याच नोव्हेंबरमध्ये फ्रेडी गेला.

त्यानंतर बँड फार टिकला नाही. 1993च्या जुलैत इंग्लंडमधल्या गॉस्पोर्टला शेवटचा कार्यक्रम झाला. पण त्याआधीची एक रात्र सांगायलाच हवी. डिसेंबर 1992, लंडनचा मार्की क्लब. द क्रॉसच्या कार्यक्रमात टेलरने ब्रायन मे आणि टिम स्टॅफेल यांना मंचावर बोलावलं. हे तिघे म्हणजे 'स्माइल', क्वीनच्याही आधीचा बँड. फ्रेडी या मंडळींत येण्याआधी ते जिथे होते, तिथे दोन-तीन गाण्यांपुरते परत गेले.

तेव्हा तुमच्या प्रश्नाला उत्तर : 'ब्लू रॉक' ऐका, 'मॅड, बॅड'मधली निवडक गाणी ऐका, 'शव्ह इट' सोडलात तरी चालेल. अपवाद अर्थात 'हेवन फॉर एव्हरीवन'चा. ब्रिटनच्या अल्बममध्ये ते फ्रेडी गातो. अमेरिकेतल्या अल्बमवर आणि सुट्या रेकॉर्डवर टेलर स्वतः गातो. गाणं त्यानेच लिहिलेलं. आधी त्याचं ऐका, मग फ्रेडीचं. मी उलटं केलं होतं, त्यामुळे टेलरचं गाणं मला कितीतरी दिवस कच्चा खर्डा वाटत राहिलं.