माथ्यावर शके १८४६ कोरलेली दुकानाची इमारत : किंमत नुसती जागेचीच का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : बेळगावच्या खडे बाजारात आजोबांनी बांधलेली दुमजली इमारत आहे, खाली तीन दुकानं, वर माडी, माथ्यावर चुन्यात 'शके १८४६'. बिल्डर म्हणतो, पैसा जागेचा, इमारतीचा शून्य. फार तर दर्शनी भिंत ठेवू आणि मागे चार मजले चढवू. तर या इमारतीत वारसा म्हणावं असं खरंच काही आहे का?

आहे. पण बिल्डर जी भिंत ठेवायला तयार आहे, तिच्यात हा वारसा सगळ्यात कमी आहे.

मी बेळगाव-शहापूर भागात वीस वर्षांहून जास्त काळ जुनी घरं आणि दुकानं दुरुस्त करतोय. शके १८४६ म्हणजे १९२४-२५. १९२४ च्या डिसेंबरात बेळगावच्या टिळकवाडीत काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी अध्यक्ष होते. आता कुणीतरी नक्की सांगेल की गांधीजी तुमच्या कट्ट्यावर टेकले होते. कागद किंवा फोटो हातात असल्याशिवाय ही गोष्ट जोडू नका. तिची गरजही नाही. त्या वर्षी या गावात एका व्यापाऱ्यानं स्वतःच्या पैशानं बाजारात इमारत उभी केली, आणि ती आजही बाजाराच्याच कामाला येते, हीच मोठी गोष्ट आहे.

ती कशी वाचायची ते सांगतो. दुकानाच्या उंबरठ्यात आणि वरच्या चौकटीत फळ्या सरकवायची खाच आहे का पाहा. शटर नंतर बसलं असेल तरी खाच बहुतेक बुजवलेली सापडते. गादी कुठे होती? तिजोरीचा कोनाडा कोणत्या भिंतीत? माळ्याच्या कडीपाटात (लाकडी तक्तपोशीत) माल वर ओढायची चौकोनी झडप आणि वर कप्पीचा आकडा आहे का? माडीवर परगावचे व्यापारी मुक्कामाला राहत असतील तर मागून वेगळा जिना असतो. रेल्वे येण्याआधी बेळगावचं बंदर म्हणजे वेंगुर्ला. घाट चढून माल इथं यायचा आणि इथून देशावर जायचा. रेल्वे आल्यावर वाटा बदलल्या, पण आमच्या पेठेतल्या दुकानांची घडण तीच राहिली : पुढे विक्री, मध्ये साठवण, मागे परस आणि विहीर. ही साखळी एका इमारतीत अखंड दिसणं आता दुर्मिळ होत चाललंय. दर्शनी भिंत ठेवून मागचं पाडलं तर नेमकं हेच जातं आणि उरतो तो मुखवटा.

काळ ठरवायलाही खुणा असतात. दोन-चार कौलं उतरवून उलटी करा. मंगळूरच्या बासेल मिशन या ख्रिस्ती मिशननं १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला. पहिल्या महायुद्धात तो त्यांच्या हातून गेला आणि पुढे कॉमनवेल्थ ट्रस्टकडे आला. शिक्का कुणाचा आहे यावरून बरंच कळतं, पण कौलं बदलली जातात, म्हणून एकट्या कौलावर विसंबू नका. लोखंडी गर्डर असतील तर रंग खरवडून बघा. डोर्मन लाँगचा शिक्का मिळाला तर तो इंग्लंडहून आलेला, टाटांचा मिळाला तर जमशेदपूरचा. आणि भिंत जांभ्याची आहे की काळ्या दगडाची, तेही टिपून ठेवा.

"भिंतींना ओल आहे, इमारत संपली" हे मी शंभरदा ऐकलंय. ओलीचं कारण पुष्कळदा चुन्याच्या भिंतीवर नंतर चोपडलेलं सिमेंट असतं. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडतं. आपल्याकडच्या पावसात मग तुळयांची भिंतीत गेलेली टोकं कुजतात आणि वाळवी लागते. सिमेंट काढून पुन्हा चुन्याचा गिलावा करता येतो. कुजलेलं टोक कापून सागवानी जोड देता येतो. त्यासाठी अख्खी तुळई टाकून द्यावी लागत नाही. भिंत ओळंब्यात (सरळ उभी) नसेल किंवा पाया खचला असेल तर गोष्ट वेगळी, ती जागेवर येऊनच बघावी लागते.

कायद्याबद्दल भाबडी आशा नको. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती (जैन मंदिर) १२०४ ची, ती संरक्षित स्मारक आहे. अशा केंद्र-संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आणि पुढच्या दोनशे मीटरवर निर्बंध असतात. खडे बाजार त्या टप्प्यात येत नाही, आणि खासगी दुकान नुसतं जुनं आहे म्हणून त्याला आपोआप संरक्षण मिळत नाही. म्हणजे निर्णय तुमच्या घरातच व्हायचा आहे. बिल्डरला एवढं मात्र विचारा : नवा नकाशा मंजूर करताना रस्तारुंदीत आणि पार्किंगमध्ये किती जागा जाईल? तुमची आजची दुकानं थेट रस्त्याला लागून आहेत. ते तोंड गेलं तर भाड्याचा हिशेब कागदावरच राहतो.

निपाणीत माझ्या मामांची तंबाखूची वखार होती. ती पाडली तेव्हा मी शिकत होतो. सागवान मापानं विकलं गेलं, त्याचे पैसे आले. माळ्यावरच्या रोजमेळ आणि खतावण्या मात्र रद्दीत गेल्या, किलोवर. कोणत्या गावच्या शेतकऱ्याची तंबाखू, किती मण, काय भावानं, सगळं मोडीत लिहिलेलं. मी त्यातली एकही वही उचलली नाही, याचं वाईट आजही वाटतं.

म्हणून पहिलं काम हे करा. आपला जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, तेव्हा आजोबांचे कागद बहुधा मराठीत, जुने असतील तर मोडीत असतील. खरेदीखत, सिटी सर्व्हेचा उतारा, भाडेचिठ्ठ्या, हिशेबाच्या वह्या एका पेटीत गोळा करा आणि पानापानाचे फोटो काढा. मग कुणाकडून तरी इमारतीची मापं घेऊन नकाशा काढून घ्या. खालचा मजला, माडी, आडवा छेद. भाडेकरूंशीही बोला, विशेषतः सगळ्यात जुन्याशी. कप्पी कुठे होती हे तो तुमच्यापेक्षा नीट सांगेल. हे सगळं होईपर्यंत बिल्डरच्या कोणत्याही कागदावर सही करू नका. आणि माळ्यावर वह्या असतील तर मिरगाच्या आधी त्या खाली उतरवा.