वाचक विचारतात : बुढीचं काम आणि मार्गारेट रदरफर्ड

प्रश्न : झाडीपट्टीच्या नाटकात काम करते. वय 34. आजवर नायिकेची बहीण, मैत्रीण असे पार्ट केले. या सीझनला बुढीचं काम आलं आहे. घरचे म्हणतात, आता तुझे दिवस संपले. मोबाइलवर एका जुन्या इंग्रजी पिक्चरमध्ये खून शोधून काढणारी जाडजूड म्हातारी पाहिली, हनुवटी हलवत बोलणारी. ती कोण? आणि बुढी उभी करायची कशी?
— एक वाचक, ता. देसाईगंज (वडसा)

उत्तर : ताई, ती मार्गारेट रदरफर्ड. जन्म 1892, लंडन. दिवस संपण्याचं म्हणाल, तर तुमच्या वयाला ती जेमतेम रंगमंचावर चढली होती. त्याआधी पियानो आणि वक्तृत्व शिकवायची. मावशीनं मागे ठेवलेल्या पैशाच्या आधारावर 1925 मध्ये, वयाच्या 33व्या वर्षी, लंडनच्या ओल्ड विक नाट्यसंस्थेत शिरली. तुम्ही पाहिलेली खून शोधणारी म्हातारी म्हणजे मिस मार्पल, अगाथा ख्रिस्तीच्या कादंबऱ्यांतलं पात्र. रदरफर्डच्या मार्पलच्या चार चित्रपटांतला पहिला 1961 चा, म्हणजे तेव्हा ती 69 वर्षांची. ऑस्कर मिळालं 1964 मध्ये, 'द व्हीआयपीज'मधल्या सरदारणीच्या छोट्या कामासाठी.

तिच्याकडून घ्यायची गोष्ट दिसते 'ब्लाइद स्पिरिट'मध्ये. नोएल कॉवर्डचं हे नाटक 1941 चं, त्यावरचा चित्रपट 1945 चा. त्यात ती मादाम आर्काती, सायकलवर येऊन भुतं बोलावणारी बाई. रदरफर्ड आधी हे काम घ्यायलाच तयार नव्हती, कारण असल्या श्रद्धेची टिंगल तिला पटत नव्हती. मग तिनं आर्काती केली ती आपल्या धंद्यात पक्की, कामाला वाहिलेली बाई म्हणून. हसतो तो प्रेक्षक. आर्कातीला त्यात हसण्यासारखं काही दिसतच नाही.

तुमच्या बुढीचंही तेच. सुनेनं चहात साखर कमी टाकली म्हणून बुढी रुसली, असा प्रवेश समजा. तुम्ही प्रेक्षकांकडे बघून तोंड वेंगाडलं, तर एकदा हशा येईल आणि विझेल. बुढीला साखर हा मानपानाचा प्रश्न वाटला, तर कप नुसता सरकवला तरी मंडप हसेल.

आता अंगाचं. नवखी नटी कमरेतून काटकोनात वाकते. मग चेहरा जमिनीकडे जातो आणि मागच्या रांगेला फक्त पदर दिसतो. शिवाय रात्री दहाला उभं राहिलेलं नाटक पहाटेपर्यंत चालायचं, कंबर दोन तासांत धरते. वाक पाठीच्या वरच्या भागात आणि गुडघ्यांत ठेवा, मान वर. उठताना आधी बाजेच्या कडेला सरका, दोन्ही तळवे मांड्यांवर, पुढे झुका, थांबा, मग उठा. खरी म्हातारी एका दमात उठत नाही. काठीची उंची हात सरळ सोडल्यावर मनगटाच्या घडीइतकी. दुखरा गुडघा डावा ठरवला, तर काठी उजव्या हातात. दुखऱ्या पायाच्याच बाजूला काठी धरून लंगडणं ही नेहमीची चूक, आणि समोर बसलेल्या आजीबाईंना ती पहिल्या मिनिटात कळते. एकदा ठरलेला गुडघा चौथ्या अंकापर्यंत बदलायचा नाही.

आवाज चिरका करू नका. पहाटेपर्यंत घसा बसतो आणि टांगलेल्या माइकमधून थरथर म्हणजे नुसती खरखर ऐकू येते. श्वास छोटा घ्या, वाक्य दोन जागी तोडा, शेवटचा शब्द मात्र स्पष्ट. दुसऱ्याचं ऐकायला अर्धा क्षण उशीर लावलात, की वय आपोआप दिसतं.

मेकअप : आधी कोल्ड क्रीमचा पातळ हात, त्यावर तुमच्या रंगाचा पॅनकेक. आरशासमोर कपाळ आक्रसा, डोळे बारीक करा. जिथे खरी घडी पडते तिथेच तपकिरी पेन्सिलीची रेघ, तिच्या शेजारी फिकट रंगाची रेघ, आणि दोन्ही बोटानं पुसट करा. काळी रेघ हॅलोजनखाली मिशीसारखी दिसते. गाल आणि कानशिलांच्या खळग्यांत गडद छटा, शेवटी पावडर दाबून. केसांना टाल्कम नको : घामानं आणि दवानं त्याचे ठिपके पडतात, आणि नातवानं मिठी मारली की ढग उडतो. पाण्यात कालवायचा पांढरा रंग जुन्या टूथब्रशनं लावा. डोईवर पदर असल्यानं पुढचे दोन इंच आणि कानशिलं पुरतात. मान आणि हातांचे पंजे विसरू नका. चेहरा सत्तरचा आणि हात चौतीसचे, असं फार दिसतं.

रदरफर्डनं मार्पलसाठी स्वतःचेच कपडे वापरले होते. तुम्हीही लुगडं तालमीच्या पहिल्या दिवसापासून नेसा. ओचा कुठे अडकतो ते पडदा उघडल्यावर कळून उपयोग नाही.

प्रश्न : पुस्तकातली मिस मार्पल तर सडपातळ आहे ना? आणि या बाईचा भारताशी काही संबंध?
— एक वाचक, ता. साकोली

उत्तर : हो, पुस्तकातली सडपातळच. तरी अगाथा ख्रिस्तीनं 1962 ची एक मार्पल कादंबरी रदरफर्डलाच अर्पण केली. चित्रपटांत तिच्यासोबत फिरणारे मिस्टर स्ट्रिंगर म्हणजे तिचा खरा नवरा, स्ट्रिंगर डेव्हिस. मूळ पुस्तकांत हे पात्र नाही. भारताचं म्हणाल, तर आईवडील तिला लहानपणी मद्रासला घेऊन आले होते. ती तीन वर्षांची असताना आई तिथेच वारली आणि पोर लंडनला, विम्बल्डनच्या त्याच मावशीकडे गेली.