मुंबई-न्यूयॉर्क दोन तासांत? हँगरमध्ये काम करणाऱ्याचं उत्तर

तुम्ही विचारलंय की मुंबईहून न्यूयॉर्कला दोन तासांत नेणारी हायपरसॉनिक प्रवासी विमानं खरंच येणार का, आली तर कधी, आणि मुलगा बारावीला आहे तर त्याला या लाइनमध्ये टाकावं का. मी काही सायंटिस्ट नाही, नागपुरात मिहानला विमानांच्या मेंटेनन्समध्ये आहे, तेव्हा उत्तर त्या बाजूनंच येईल. तिकीट काढून बसता येईल असं मॅक 5 चं, म्हणजे आवाजाच्या पाचपट वेगाचं विमान मला तरी पुढच्या पंचवीस वर्षांत दिसत नाही. लोकांना वाटतं इंजिन जमत नाही म्हणून अडलंय, पण खरी गोची विमान उतरल्यावर आहे.

हायपरसॉनिक म्हणजे आवाजाच्या पाचपट किंवा त्याहून जास्त वेग, उंचावर ताशी 5300 किलोमीटरच्या आसपास. आपलं रोजचं विमान 900 च्या आगेमागे जातं. कॉन्कॉर्ड हे जुनं सुपरसॉनिक, म्हणजे आवाजापेक्षा वेगवान प्रवासी विमान मॅक 2 नं जायचं तेव्हा त्याचं नाक 127 डिग्रीपर्यंत तापायचं आणि अख्खं विमान पंधरा-वीस सेंटीमीटर लांब व्हायचं, आणि त्यापुढे ॲल्युमिनियम फार काळ टिकत नाही म्हणून वेगाची लिमिट तिथेच ठेवली होती. मॅक 5 ला बाहेरची हवा उणे 56 असली तरी नाकावर आणि पंखाच्या पुढच्या कडेवर जिथे ती अडते तिथे हजार डिग्री होते. आपल्याकडे 46 झालं की पेपरात फोटो येतात, राजेहो!

आता रेकॉर्ड बघा, सगळे सेकंदांत, फार तर मिनिटांत आहेत. नासाचं बिनमाणसाचं टेस्ट विमान एक्स-43ए 2004 मध्ये मॅक 9.6 ला गेलं, इंजिन चाललं दहाएक सेकंद, आणि नंतर ते समुद्रात गेलं, परत आणायचं नव्हतंच. अमेरिकेच्याच एक्स-51 नं 2013 मध्ये मॅक 5.1 ला साडेतीन मिनिटं काढली, तेही समुद्रात. आपल्या इस्रोनं 2016 मध्ये स्क्रॅमजेट, म्हणजे एवढ्या वेगात बाहेरचीच हवा घेऊन इंधन जाळणारं इंजिन, पाच सेकंद चालवून दाखवलं, डीआरडीओनं सप्टेंबर 2020 मध्ये मॅक 6 ला वीस सेकंदांच्या वर, आणि एप्रिल 2025 मध्ये हैदराबादला त्यांचा छोट्या आकाराचा कम्बस्टर, म्हणजे इंजिनातला इंधन जळतं तो भाग, जमिनीवरच्या टेस्टमध्ये हजार सेकंदांच्या वर चालला. ही खरंच मोठी गोष्ट आहे, मी कमी लेखत नाहीये, पण हजार सेकंद म्हणजे सतरा मिनिटं, आणि ही सगळी कामं मिसाइलच्या हिशोबानं चाललीत. मिसाइलला परत यायचं नसतं.

विमानाला परत यायचं असतं, तेल भरून दोन-तीन तासांत पुन्हा निघायचं असतं, आणि हे वीस वर्षं हजारो वेळा. साध्या इंजिनाचंच सांगतो. बोरोस्कोपची बारीक नळी आत घालून आम्ही स्क्रीनवर कम्बश्चन चेंबरच्या भिंती बघतो, कुठे कोटिंग उडालंय का, थंड हवेच्या भोकाच्या कडेला केसाएवढी चीर आहे का, असेल तर किती मिलिमीटर, मॅन्युअलच्या लिमिटमध्ये बसते का. बसली तर पुढच्या तपासणीपर्यंत चालू द्यायचं, नाही बसली तर विमान एओजी, म्हणजे उभं, आणि मग वरून फोनवर फोन. आता जी हालत या चेंबरच्या आत होते तीच अख्ख्या विमानाच्या नाकाची, कडांची, शेपटीची होणार असेल, आणि दर फेरीला सगळं तापून पुन्हा थंड होणार असेल, तर बघायचं काय काय आणि सही करायची कोणी?

उदाहरणं आहेत ना. एक्स-15 हे रॉकेट विमान ऑक्टोबर 1967 मध्ये मॅक 6.7 ला गेलं, आत माणूस होता, स्वतःच्या इंजिनावर उडणाऱ्या माणसासकटच्या विमानांत आजही तो रेकॉर्ड आहे. पण त्या उड्डाणात शेपटीखालचा भाग उष्णतेनं जळून भोकं पडली, खाली लावलेलं डमी इंजिन गळून पडलं, आणि ते विमान नंतर कधी उडालंच नाही, म्युझियममध्ये गेलं. स्पेस शटल दोन आठवड्यांत पुन्हा उडवू असं म्हणत होते, प्रत्यक्षात एका उड्डाणापासून त्याच शटलच्या पुढच्या उड्डाणापर्यंत सगळ्यात कमी गेले ते 54 दिवस, कारण उष्णता झेलणाऱ्या चोवीस हजारांच्या आसपास टाइल्स तपासत बसायचं. एअरलाइनचं विमान 54 दिवस उभं राहिलं तर कंपनीच बसेल.

बरं, दोन तासांचा हिशोबही कच्चा आहे. मुंबई-न्यूयॉर्क साडेबारा हजार किलोमीटर. प्रवाशांना झेपेल अशा बेतानं, टेकऑफला पाठ सीटला टेकते त्याच्या साधारण निम्म्या जोरानं सतत रेटत राहिलं तरी मॅक 5 ला पोचायला सतरा मिनिटं आणि सातशेच्या वर किलोमीटर लागतात, म्हणजे नागपूरहून निघालं तर मुंबई मागे पडेपर्यंत ते नुसता वेगच धरत असेल. उतरताना पुन्हा तेच. आणि वळणं? 30 डिग्री कलून वळलं तर त्या वर्तुळाची त्रिज्या पावणेचारशे किलोमीटरच्या वर जाते, पूर्ण फिरायचं तर साडेसातशे किलोमीटर रुंद आकाश रिकामं पाहिजे. आकाशातली वाहतूक सांभाळणाऱ्या एटीसीवाल्यांना विचारा काय म्हणतात ते. सगळं धरून तीन तास म्हणा, वर एअरपोर्टचे तीन वेगळे.

आवाजाचंही आहेच. नागपूर देशाच्या मधोमध, 1949 पासून कितीतरी वर्षं दिल्ली-मुंबई-कलकत्ता-मद्रासची रात्रीची टपाल विमानं इथेच भेटून थैल्या बदलायची, आजही कुठून कुठे जाणारी विमानं डोक्यावरून जातात. त्यातल्या प्रत्येकानं सॉनिक बूम, म्हणजे आवाजापेक्षा वेगानं जाताना होणारा धमाका, सोडला तर झोपायचं कधी? लंडन-बहारीन-सिंगापूर कॉन्कॉर्ड 1980 मध्ये बंद पडलं, त्याचं एक कारण आपल्या आकाशात त्याला सुपरसॉनिक जायची परवानगी नव्हती हे होतं. वर इंधन. रॉकेलच्या जातीचं इंधन एवढ्या उष्णतेत पाइपातच कोळसा धरतं, आणि हायड्रोजन घ्यावा तर तो उणे 253 ला ठेवायचा आणि तेवढ्याच ऊर्जेला टाकी चौपट मोठी, मग प्रवासी बसवायचे कुठे.

कंपन्यांचं म्हणाल तर इंग्लंडच्या रिअॅक्शन इंजिन्सनं हजार डिग्रीची हवा क्षणात थंड करणारा प्रीकूलर 2019 मध्ये टेस्ट करून दाखवला होता, मला वैयक्तिकरीत्या सगळ्यात जास्त आशा त्याच्यावर होती, पण 2024 च्या शेवटी पैसे संपले आणि कंपनी बुडाली. अमेरिकेतली हर्मिअस वीस सीटच्या मॅक 5 विमानाची चित्रं दाखवायची, आता सगळा भर लष्करी ड्रोनवर, आणि त्यात चूक काही नाही, पैसा तिथेच आहे. खरं काही आधी येईल तर ते सुपरसॉनिक. अमेरिकेतल्या बूम कंपनीच्या छोट्या एक्सबी-1 विमानानं जानेवारी 2025 मध्ये आवाजाचा वेग ओलांडला, त्यांचं मोठं विमान मॅक 1.7 चं असणार आहे, आणि नासाचं कमी आवाज करणारं एक्स-59 ऑक्टोबर 2025 मध्ये पहिल्यांदा उडालं. या दोघांवर नजर ठेवा, यूट्यूबवरच्या थंबनेलवर नको.

आता मुलाचं. फक्त हायपरसॉनिक प्रवासी विमान बनवायचं म्हणून एरोस्पेसला टाकणार असाल तर माझं नाही आहे. पण हे सगळं घोडं अडलंय ते मटेरियलवर. सिरॅमिक कंपोझिट, कोटिंग, जास्त तापमानाचे मिश्रधातू, ज्याला हे येतं त्याला डीआरडीओ, इस्रो, इंजिन कंपन्या सगळीकडे काम आहे, हायपरसॉनिक येवो न येवो. नागपूरच्याच व्हीएनआयटी इंजिनिअरिंग कॉलेजला मेटलर्जी अँड मटेरियल्स आहे, घरून जाऊन-येऊन होईल, पण पोरं कॉम्प्युटरची ब्रांच मिळाली नाही म्हणूनच तिकडे बघतात. त्याला केमिस्ट्री आणि फिजिक्स दोन्ही आवडत असतील तर हीच ब्रांच पहिल्या पसंतीला टाकायला सांगा, आणि फॉर्म भरायच्या आधी तिथल्या एखाद्या सीनियरशी बोलून घ्या, कॅम्पसला कोणत्या कंपन्या येऊन राहिल्यात हे तोच नीट सांगेल.