प्रथिनाच्या रचनेत दोन अवशेषांचा संपर्क ठरवताना अंतराची मर्यादा किती धरावी?

आपण विचारले आहे की, पदव्युत्तर प्रकल्पासाठी एका प्रथिनातील अवशेषांमधील, म्हणजे साखळीत गुंफलेल्या अमिनो आम्लांमधील, संपर्क मोजायचे आहेत. मार्गदर्शक दोन सी-अल्फा अणूंमध्ये (सी-अल्फा म्हणजे प्रत्येक अवशेषाच्या कण्यावरचा मधला कार्बन) ७ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग) ही मर्यादा धरायला सांगतात, वाचनात मात्र कुठे ४.५ येते तर कुठे ८. मग यातला खरा आकडा कोणता? माझ्या मते असा एकच खरा आकडा नाही. संपर्क ही पीडीबी या प्रथिनांच्या रचनांच्या सार्वजनिक संग्रहातील फाइलमध्ये लिहून ठेवलेली गोष्ट नसते. फाइलमध्ये असतात ते अणूंचे निर्देशांक, आणि त्यांतून संपर्क कशाला म्हणायचे हे मोजणाऱ्याने आपल्या प्रश्नाला धरून, मोजणीच्या आधी ठरवायचे असते. सी-अल्फा आणि ७ हे शब्द एकत्र दिसले की मला आमच्या महाविद्यालयातील एक तोंडी परीक्षा आठवते, म्हणून हे उत्तर थोडे लांबणार आहे.

मी गडचिरोली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी रसायनशास्त्र शिकवतो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एका विद्यार्थिनीने सिकलसेलच्या हिमोग्लोबिनवर प्रकल्प घेतला. आमच्या भागात हा विषय पुस्तकातून येत नाही. तिच्या धाकट्या भावाचा अहवाल एसएस (दोन्ही जनुके सिकलची) आला होता, आईवडील दोघेही एएस (एकच जनुक सिकलचे असलेले वाहक) होते, आणि सांधे दुखू लागले की त्या मुलाला उचलून दवाखान्यात नेताना तिने लहानपणापासून पाहिले होते. बीटा साखळीतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढे तिला बारावीपासून पाठ होते. तो एक बदल लाल पेशीला कोयत्याचा आकार कसा देतो, हे तिला अणूंच्या पातळीवर स्वतः पाहायचे होते.

आमच्याकडे प्रयोगशाळा म्हणावी अशी नाही. पण पीडीबी १९७१ पासून आहे, त्यातील रचना कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतात आणि त्या पाहण्याची साधनेही फुकट मिळतात. तिने २एचबीएस ही रचना घेतली. ऑक्सिजनविरहित सिकल हिमोग्लोबिनची ही रचना २.०५ अँगस्ट्रॉम विभेदनाची आहे (विभेदनाचा आकडा जितका लहान तितकी रचना स्पष्ट). तुलनेसाठी तिने सामान्य हिमोग्लोबिनची ४एचएचबी घेतली. वीज गेली की काम थांबायचे, आली की पुन्हा सुरू व्हायचे, असे तिने चार महिने काढले.

तिची व्याख्या साधी होती. हायड्रोजन सोडून कोणतेही दोन अणू ४.५ अँगस्ट्रॉमच्या आत आले की त्या दोन अवशेषांचा संपर्क आहे असे ती धरत होती. मोजताना तिने एक रेणू सुटा घेतला नाही. स्फटिकाच्या सममितीतून येणारे शेजारचे रेणूही उभे करून घेतले. तेव्हा सहाव्या जागेवरचे व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या बीटा साखळीतील फिनिलॲलनिन ८५ आणि ल्युसिन ८८ यांच्या खाचेत बसलेले दिसले. सिकलसेलचा सगळा उत्पात या एका जलविरोधी, म्हणजे पाणी टाळणाऱ्या भागांच्या, चिकटण्यापासून सुरू होतो, कारण याच जोडांनी रेणूंच्या दुहेरी माळा बनतात आणि माळांचे धागे पेशीला ताणतात. प्रत्येक रेणूत अशी दोन व्हॅलिने असतात, पण दुहेरी माळेच्या या जोडात त्यांपैकी एकच गुंतते, हेही तिच्या तक्त्यात आले होते.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी आपला लॅपटॉप उघडला, एकच चतुष्क, म्हणजे चार साखळ्यांचा एक सुटा रेणू, घेतले, सी-अल्फा आणि ७ ही मर्यादा दिली आणि सहाव्या अवशेषाचे संपर्क काढले. यादीत त्याच रेणूतील जवळचे अवशेष तेवढे आले. त्यांनी सांगितले की तक्ता चुकीचा आहे, व्याख्या मनाने केलेली आहे आणि सोयी नसलेल्या महाविद्यालयांनी असे विषय हाती घेऊ नयेत. त्यावर ती विद्यार्थिनी शांतपणे म्हणाली, ‘सर, दोघांची घरं किती लांब आहेत ते मोजून त्यांच्या बांध्यांचा धुरा एक आहे की नाही, हे कसं कळणार?’ बांध्या म्हणजे भाताची शेते आणि धुरा म्हणजे त्यांच्यामधला बांध. प्रश्न अगदी योग्य होता. परीक्षकांनी त्याचे उत्तर दिले नाही, आणि मीही तिच्या बाजूने बोललो नाही, कारण ते माझ्याहून ज्येष्ठ होते आणि विद्यार्थिदशेत मीसुद्धा सी-अल्फा आणि ७ हेच शिकलो होतो. तिला जेमतेम उत्तीर्ण होण्याइतके गुण मिळाले.

तिने दिलेला दाखला अक्षरशः खरा आहे. सी-अल्फा हे अवशेषाचे घर आहे, तर पार्श्वसाखळी, म्हणजे कण्यातून बाजूला निघणारी अणूंची शाखा, हे त्याचे वावर, म्हणजे शेत. लायसिनच्या सी-अल्फापासून टोकाच्या नायट्रोजनपर्यंत सरळ ताणलेले अंतर सहा अँगस्ट्रॉमच्या पुढे जाते. आर्जिनिन आणि ग्लुटामिक आम्ल यांच्यात पक्का सॉल्ट ब्रिज, म्हणजे विरुद्ध भारांमधील बंध, असतो तेव्हा भारित टोके ४ अँगस्ट्रॉमच्या आत असतात, मात्र त्यांचे सी-अल्फा एकमेकांपासून १० अँगस्ट्रॉमच्याही पलीकडे असू शकतात. सी-अल्फाची ७ ची मर्यादा असा सॉल्ट ब्रिज सरळ गाळून टाकते. उलट अल्फा हेलिक्समध्ये, म्हणजे साखळीच्या मळसूत्री वळणात, एखादा अवशेष आणि त्याच्या पुढचा चौथा अवशेष यांचे सी-अल्फा सुमारे ६.२ अँगस्ट्रॉमवर असतात, त्यामुळे पार्श्वसाखळ्या एकमेकींना स्पर्श करोत वा न करोत, तो संपर्क मोजला जातोच. हेलिक्स जास्त असलेल्या प्रथिनात अशा जोड्यांनी संख्या फुगते, म्हणून साखळीत तीन-चार जागांच्या आत असलेल्या जोड्या वेगळ्या काढल्याशिवाय एकूण संपर्कांची संख्या छापू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

८ चा आकडा आपण जिथे वाचला असेल, तिथे तो बहुधा सी-बीटा अणूंसाठी (पार्श्वसाखळीतील पहिला कार्बन) असेल. रचनेचे भाकीत तपासणाऱ्या कॅस्प स्पर्धेच्या संपर्क-भाकीत विभागात तीच व्याख्या चालत असे, ग्लायसिनला सी-बीटा नसल्याने तिथे सी-अल्फा धरत, आणि साखळीत २४ किंवा अधिक जागा दूर असलेल्या जोड्यांना दीर्घ पल्ल्याचे संपर्क म्हणत. भाकिताच्या कामासाठी ती व्याख्या उत्तम आहे. पण कोणता अवशेष कोणाला धरून आहे, हा आपला प्रश्न असेल तर अणूंमधील अंतरच मोजावे आणि बंधाच्या प्रकारानुसार मर्यादा वेगळी ठेवावी: हायड्रोजन बंधासाठी दाता आणि ग्राहक अणूंमध्ये ३.५, सॉल्ट ब्रिजसाठी ४, जलविरोधी संपर्कासाठी ४.५ ते ५. मोजणी बायोपायथन या फुकट संगणक-साधनातील नेबरसर्चने काही ओळींत होते. त्यावर अधिक लिहीत नाही. त्यानंतर मर्यादा अर्ध्या अँगस्ट्रॉमने कमी-जास्त करून पाहावी. निष्कर्ष तेवढ्याने उलटत असेल तर तो लिहू नये.

मोजण्याआधी फाइल नीट वाचावी, कारण तिथे झालेल्या चुका कोणतीही मर्यादा दुरुस्त करत नाही. एका पार्श्वसाखळीच्या दोन पर्यायी स्थिती दिलेल्या असतील तर दोन्ही एकदम मोजू नयेत. विभेदन ३ अँगस्ट्रॉमच्या आसपास असेल तर पृष्ठभागावरील लांब पार्श्वसाखळ्यांच्या संपर्कांवर फार विसंबू नये. ॲस्परजिन आणि ग्लुटामिनच्या टोकाचे नायट्रोजन आणि ऑक्सिजन नेहमीच्या क्ष-किरण नकाशात वेगळे ओळखू येत नाहीत, म्हणून त्यांचे हायड्रोजन बंध उलटसुलट करून तपासावेत. अवशेषांचे क्रमांकही पाहावेत: सुरुवातीचे मेथिओनिन धरून मोजणाऱ्या नव्या पद्धतीत सिकलचा बदल सातव्या जागी लिहितात, आणि जुन्या व नव्या क्रमांकांची गल्लत झालेले अहवाल मी स्वतः पाहिले आहेत. आणि संपर्क दोन रेणूंमधला असण्याची शक्यता असेल तर शेजारचे रेणू उभे केल्याशिवाय संपर्क नाही असे कधीही लिहू नये. त्या परीक्षकांची मूळ चूक हीच होती. एक चतुष्क घेतल्यावर त्या जागी दुसरा रेणू नव्हताच, त्यामुळे मर्यादा ७ ऐवजी कितीही धरली असती तरी तो जोड दिसला नसता.

आपल्या मार्गदर्शकांवर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगतो. प्रथिनाला स्प्रिंगांनी जोडलेल्या मण्यांचे जाळे मानून त्याची हालचाल काढणाऱ्या प्रतिमानांत प्रत्येक अवशेषाला एकच मणी, म्हणजे सी-अल्फा, दिलेला असतो आणि त्यांतल्या काहींत ७ च्या आसपासची मर्यादा प्रस्थापित आहे. आपला प्रकल्प तशा जाळ्याचा असेल तर ते बरोबर सांगत आहेत आणि माझे वरचे बरेचसे म्हणणे आपल्याला लागू होत नाही. प्रकल्प कशाचा आहे हे आपण प्रश्नात लिहिलेले नाही, त्यामुळे आधी त्यांनाच विचारावे की ७ हा आकडा कोणत्या कामासाठी सुचवला आहे.

व्याख्या, मर्यादा, वगळलेल्या जोड्या आणि घेतलेले शेजारी रेणू हे सर्व पद्धतीच्या प्रकरणात लिहून ठेवावे, आणि तोंडी परीक्षेच्या दिवशी रचना शेजारच्या रेणूंसह संगणकावर उघडून तयार ठेवावी. त्या विद्यार्थिनीची फाइल त्या दिवशी माझ्या टेबलावरच्या संगणकात होती. ती उघडून पडदा परीक्षकांकडे वळवायला दोन मिनिटेही लागली नसती, आणि मी ते केले नाही.